बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया सुटला तर पळायचं की घरात बसायचं?

खाडीकाठची:

नमस्कार. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराजवळ राहतो. घरामागे एक आगर आणि एक पाखाडी सोडली की लगेच बर्फाचा कारखाना. बर्फ गोठवायला तिथे अमोनिया वापरतात. जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा कारखानाही बंद. 1 ऑगस्टला होड्या सुटतात, त्यांना बर्फ लागतो, म्हणून जुलैच्या शेवटी मशीन सुरू करतात. यंदा सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नाकात असा झणका गेला की डोळे उघडेनात. मुलं खोकायला लागली. सगळी वाडी डोंगराच्या रस्त्याने पळत सुटली. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या पडवीत बसून राहिल्या. मी मुलांना शेजारणीकडे देऊन परत आले आणि त्यांच्याजवळ बसले. अर्ध्या तासाने वास गेला. कारखान्याच्या गेटवर विचारलं तर रखवालदार म्हणाला, "काही नाही वहिनी, रोजचंच आहे."

परत असं झालं तर पळायचं की दारं लावून आत बसायचं? आणि ज्यांना पळता येत नाही त्यांचं काय? कुणी या कामातलं असेल तर कृपया सांगा.

दर्यापार:

ताई, आमच्याकडे ओला टॉवेल नाकाला लावतात आणि अंगावर लिंबू चोळतात. लिंबू अमोनियाला मारतं. बाकी डोंगराकडे पळालात ते बरोबरच केलंत.

मशीनघर:

ताई, मी एकोणतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होतो, कोकणातल्याच तीन बंदरांवर. तुम्ही सासूबाईंसाठी परत आलात ते वाचलं आणि म्हटलं, हे सविस्तर लिहायलाच हवं.

आधी वारा बघायचा, मग पाय उचलायचा. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे नैर्ऋत्येचं वारं, दिवसरात्र समुद्राकडून जमिनीकडे. म्हणजे कारखान्यातला गॅस तुमच्या वाडीवरून डोंगराकडेच जाणार. सगळी वाडी त्याच रस्त्याने पळाली, म्हणजे गॅसच्या पुढे-मागे त्याच्याच वाटेने पळाली. दिवाळीनंतर गोष्ट वेगळी. दिवसा खारे वारे, रात्री मतलई, म्हणजे रात्री तोच गॅस धक्क्याकडे जाईल. म्हणून कुठली एक दिशा पाठ करून ठेवू नका. वारा पाठीवर नको, तोंडावर नको, गालावर घ्यायचा आणि आडवं चालत सुटायचं. गॅसचा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो. दोन-तीनशे पावलं आडवं गेलात तरी पुष्कळ फरक पडतो.

घरात कधी बसायचं? बाहेर पांढरं धुकं दिसत असेल, किंवा सासूबाईंसारखं कुणी असेल, तर बसायचं. पण कौलारू भागात नाही. कौलांच्या फटींतून गॅस सरळ आत उतरतो. स्लॅबची खोली असेल तर ती, वरच्या मजल्यावर असेल तर फारच चांगलं. खिडक्या लावा, पंखा आणि एक्झॉस्ट बंद करा, दाराखाली ओली चादर कोंबा. नाकातोंडावर ओलं फडकं धरा. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो, त्यामुळे फडक्याचा थोडा वेळ उपयोग होतो. पण त्याला मास्क समजून कुणी कारखान्याकडे मदतीला धावू नये.

पांढऱ्या धुक्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण लोक इथेच फसतात. अमोनियाचा वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण द्रव अमोनिया सुटला की तो उणे 33 अंशाला उकळतो आणि एका लिटरचा साधारण साडेआठशे लिटर वायू होतो. तो इतका गार असतो की आपल्या दमट हवेत त्याचं धुकं बनतं आणि ते जमिनीलगत सरकतं. पाखाडीच्या पायऱ्यांवरून ते पाण्यासारखं खाली उतरताना मी पाहिलं आहे. त्यात पाय घालायचा नाही. मुलं गंमत म्हणून जवळ जातात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पाण्याचंही तसंच. हवेतल्या गॅसवर लांबून पाण्याचा फवारा मारला तर गॅस पाण्यात बसतो, अग्निशमन दल तेच करतं. पण जमिनीवर द्रव अमोनिया साचला असेल तर त्यावर बादली ओतू नका. पाण्याच्या उष्णतेने तो आणखी जोरात उकळतो आणि ढग दुप्पट होतो. आणि ते अमोनियाचं पाणी खाडीत गेलं तर मासे मरतात.

आता त्या "रोजचंच आहे" बद्दल. नवख्या नाकाला 5 पीपीएमच्या आसपासही वास कळतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग. आठ तासांच्या पाळीसाठी 25 पीपीएम ही मर्यादा धरतात. 300 पीपीएमला जिवाला धोका आहे असं धरून बाहेर पडायचं असतं. पण रोज तिथे असणाऱ्याचं नाक मरतं. माझं मेलं होतं. घरी गेल्यावर बायको म्हणायची कपड्यांना वास येतोय, आणि मला काही कळत नसे. म्हणून रखवालदाराच्या नाकावर विसंबू नका. तुमच्या मुलांना खोकला आला, हा त्यापेक्षा खरा पुरावा आहे.

वास नेमका जुलैच्या शेवटी का आला, तेही सांगतो. दोन महिने मशीन उभं असतं. व्हॉल्व्हच्या ग्लँडचं, म्हणजे दांड्याभोवतीचं, पॅकिंग सुकतं, शाफ्टचं सील निकामी होतं. त्यात आपली खारी हवा. पाइपावरच्या लॅगिंगच्या, म्हणजे थंडावा राखणाऱ्या वेष्टनाच्या, आत पाणी शिरतं आणि बाहेरून रंग चकचकीत असताना आतला पाइप पत्र्यासारखा पातळ होतो. मी लॅगिंग सोलून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला, असं दोनदा झालंय. सुदैवाने दोन्ही वेळा लाइन रिकामी होती.

आणि मशीन चालू असताना सगळ्यात घातक काम म्हणजे तेल काढणं. कॉम्प्रेसरचं तेल अमोनियासोबत पुढे जातं आणि जड असल्यामुळे तळाला साचतं. ते अधूनमधून काढावं लागतं. 1996 च्या ऑगस्टात मी आणि माझा जोडीदार रात्री तेल काढत होतो. थंडीने तेल घट्ट झालेलं, येईना. त्याने व्हॉल्व्ह आणखी दोन फेरे उघडला. तरी येईना. मग अडकलेला गोळा एकदम सुटला आणि पाठोपाठ द्रव अमोनिया त्याच्या तोंडावर आला. मास्क मॅनेजरच्या कपाटात, कपाटाला कुलूप. मागचं दार भुशाच्या पोत्यांनी अडलेलं. बर्फाचे डबे बुडवून लादी सुटी करतात ते साध्या पाण्याचं टाकं तीन पावलांवर होतं. मी श्वास रोखून त्याला मानेला धरून त्यात बुडवलं, वर काढलं, परत बुडवलं. पापण्या बोटांनी उघडून धरल्या. त्याचा उजवा डोळा वाचला. डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला तो कायमचा. ते टाकं तिथे नसतं तर दोन्ही गेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मी जिथे काम केलं तिथे मास्क मशीनघराच्या दाराबाहेर टांगला. तेल काढताना दोघं हजर, आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप बंद होणारा. कॉम्प्रेसर बंद करायचं बटण बाहेरही हवं. गाळणीचा डबा लावलेला मास्क थोड्या गॅसपुरताच असतो. दाट गॅसमध्ये शिरायचं तर पाठीवर हवेचा सिलिंडरच लागतो, आणि तो वापरायचा सराव लागतो.

दर्यापार भाऊ, राग मानू नका, पण लिंबू अजिबात नको. ज्या कातडीवर अमोनिया पडलाय तिथे फक्त पाणी.

रात्रपाळी:

मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. वरच्या काकांनी लिंबाचं लिहिलंच आहे. त्यात हळद, तूप, टूथपेस्ट हेही धरा. आमच्याकडे पेशंट हे सगळं लावून येतात आणि आधी ते धुण्यातच वेळ जातो.

डोळ्यात गेलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं, जमलं तर अर्धा तास. पंधरा मिनिटं घड्याळ लावून बघा, फार मोठा वेळ वाटतो. लोक दोन मिनिटांत थांबतात. पेशंट पापण्या घट्ट मिटतो, त्या दुसऱ्याने उघडून धराव्या लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर सहज निघत असेल तेव्हाच काढा, पण त्यासाठी धुणं थांबवू नका. कपडे गोठून कातडीला चिकटले असतील तर ओढू नका, आधी भरपूर पाणी ओता, सुटले की काढा.

अजून एक. त्या वेळी बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. आवाज बसणं, घशात सूज, छातीत घरघर हे काही तासांनीही सुरू होतं. फुप्फुसात पाणी होऊ शकतं. लहान मुलं आणि दमेकरी असतील तर लगेच 108 ला फोन करा, पेशंटला आडवं न करता बसवून आणा, आणि आल्या आल्या "अमोनिया" हा शब्द सांगा. "गॅस लागला" म्हटलं की आम्हाला आधी स्वयंपाकाचा गॅस वाटतो.

नवा_फिटर:

मशीनघर काका, मी आयटीआय करून चार महिन्यांपूर्वी बर्फाच्या कारखान्यात लागलो. बर्फाचे डबे ज्यात बुडवून गोठवतात त्या टाक्यातल्या मिठाच्या पाण्यालाच अमोनियाचा वास येतोय. वरिष्ठ म्हणतात, कॉइलला, म्हणजे अमोनियाच्या नळीला, बारीक भोक असेल, सीझन संपला की बघू. चालेल का?

मशीनघर:

नाही बाळा, चालणार नाही. नेसलरचं द्रावण मिळव, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. त्यात पारा असतो, विषारी आहे, हातमोजे घालून वापर. टाक्यातलं पाणी थोडं परीक्षानळीत घेऊन दोन थेंब टाक. पिवळं-तपकिरी झालं तर अमोनिया आहे, आणि मग ते तुझं मत राहत नाही, समोर दिसतं.

कॅनडात फर्नी नावाचं गाव आहे. तिथल्या आइस रिंकच्या, म्हणजे बर्फावर स्केटिंग करायच्या मैदानाच्या, चिलरची (मिठाचं पाणी गार करणाऱ्या यंत्राची) नळी अशीच गळत होती. मिठाच्या पाण्यात अमोनिया येतोय हे आधी कळलं होतं, तरी नव्या सीझनला तोच चिलर चालू केला. 17 ऑक्टोबर 2017 ला मिठाच्या पाण्याच्या लाइनचा जोड दाबाने सुटला आणि गॅस मशीनघरात भरला. तिघं माणसं गेली. ती दुरुस्तीसाठीच तिथे होती. भोक बारीक आहे म्हणून गळती लहान राहत नाही, कारण पलीकडची मिठाच्या पाण्याची लाइन त्या दाबासाठी बनवलेलीच नसते.

रजिस्टरात तारीख घालून लिही, खाली सही कर. दुरुस्तीच्या वेळी एक लक्षात ठेव, दोन व्हॉल्व्हच्या मधे भरलेला द्रव कोंडून ठेवायचा नाही. तो तापला की पसरतो आणि पाइप फाडतो. तोंडी सांगून ऐकत नसतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय आहे, तिथे लेखी दे. नोकरीची भीती मला कळते, पण तू आत उभा असतोस.

खाडीकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वाडीतल्या सात-आठ बायका मिळून कारखान्यात गेलो. भांडायला नाही, काकांनी लिहिलेलं वाचून दाखवायला. मॅनेजर आधी तुटक बोलत होते. मी विचारलं, मास्क कुठे आहे? ते उठले, ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि किल्ली हातात धरूनच थांबले. मग स्वतःच म्हणाले, उद्या बाहेर टांगतो. भोंगा आहे, पण दोन वर्षं वाजवलेला नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला वाजवून बघायचं कबूल केलंय. रात्रीच्या ऑपरेटरचा मोबाइल नंबर मिळाला, तो सगळ्यांच्या दारामागे खडूने लिहिलाय.

सासूबाईंची खाट पडवीतून उचलून मुलाच्या स्लॅबच्या खोलीत नेली. त्यांना आवडलं नाही, तिथून रस्ता दिसत नाही म्हणतात. आणि आगराच्या टोकाला बांबूवर जुन्या साडीचा लांब पट्टा बांधलाय, वारा कळायला. मुलं शाळेतून आली की आधी त्याच्याकडे बघतात आणि गाल पुढे करून उभी राहतात.

मशीनघर:

ताई, फार चांगलं केलंत. सासूबाईंची खाट खिडकीपाशी लावा, म्हणजे रस्ता दिसेल. फक्त ती खिडकी नीट लागते ना ते बघा, कोकणातल्या खिडक्या पावसाळ्यात फुगतात. आणि तो पट्टा रात्री बॅटरीच्या उजेडात घरातून दिसतो का तेही आजच बघून घ्या. पावसाने भिजला की तो उडत नाही, म्हणून नायलॉनच्या साडीचा बांधा.