'दोन बाप', 'दोन वडील' की 'दोन बाबा'?

गोदाकाठ
मंडळी, अडले आहे. एका दिवाळी अंकासाठी 'मॉडर्न फॅमिली' या अमेरिकी मालिकेवर लेख लिहिते आहे. मालिकेपेक्षा तिच्यातल्या मिचेल आणि कॅम या जोडप्याबद्दल प्रेक्षक काय काय बोलत आले, यावर. २००९ ते २०२०, अकरा पर्वं, अडीचशे भाग. आपल्याकडे स्टार वर्ल्डवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असणार, म्हणून गोष्ट सांगत बसत नाही. दोघं व्हिएतनामहून लिली नावाची तान्ही मुलगी दत्तक घेऊन येतात, तिथून त्यांची सुरुवात.

पहिलंच वाक्य लिहिलं: 'लिलीला दोन वडील आहेत.' मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहून पाठवलं, 'वडील हे आदरार्थी बहुवचन, त्याला दोन कसं लावता?' मग 'दोन बाप' केलं आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "अगं, ही शिवी आहे. आमच्या वाड्यात एवढ्यावरून डोकी फुटली असती." तिचं खरं आहे. 'दोन बापांचा' हे आपण कुणाला प्रेमाने म्हणत नाही. उरलं 'दोन बाबा'. ते मला लहान मुलांच्या पुस्तकातलं वाटतं.

दुसरी अडचण पहिल्या भागातली. विमानात लिलीचं कौतुक चाललेलं असतं. मागून कुणीतरी म्हणतं, बघा ते बाळ, त्या क्रीम पफ्सबरोबर. क्रीम पफ म्हणजे आत मलई भरलेला गोल, गोड पदार्थ, पण नाजूक, बायकी पुरुषालाही इंग्रजीत क्रीम पफ म्हणून हिणवतात. मिचेल भडकतो, उभा राहून सगळ्या विमानाला सुनावतो. मग कॅम त्याला दाखवतो की लिलीच्या हातात खरोखरच क्रीम पफ आहेत. या प्रसंगावर काही प्रेक्षक पोट धरून हसले, आणि काहींना ते हसणं टोचलं, कारण असे टोमणे त्यांनी खरेच ऐकलेले होते. हे दोन्ही मला लेखात हवं आहे. पण विनोदच मराठीत आला नाही तर पुढचं कुणाला कळणार?

बोरू
मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचं बरोबर आहे, कारण मात्र त्यांनी अपुरं दिलं. 'वडील' हे मुळात विशेषण. प्राकृत 'वड्ड' म्हणजे मोठा, त्यावरून वडील. वडील बंधू, वडील बहीण, वडीलधारी माणसं. पुढे घरातला मोठा पुरुष म्हणून पित्याला चिकटलं. त्यामुळे 'दोन वडील' वाचलं की मला दोन वयस्कर माणसं दिसतात. शुद्ध मराठीत 'दोन पिते' लिहा. संस्कृत जवळचं वाटत असेल तर 'पितृद्वय' आहेच.

चिंचपोकळी
बोरूसर, 'पितृद्वय' वाचून लोकांना पितृपक्ष आठवेल. गोदाताई, 'समलिंगी पालक' लिहा आणि मोकळ्या व्हा, वर्तमानपत्रं तेच लिहितात. तरी एक सावधगिरी सांगतो. बी.एड.च्या वर्गात आमच्या मानसशास्त्राच्या टिपणांत होतं, 'मूल समलिंगी पालकाचे अनुकरण करते.' म्हणजे मुलगा वडिलांचं, मुलगी आईचं. तिथे समलिंगी म्हणजे मुलाच्याच लिंगाचा. त्या ओळीवर एका मुलाने हात वर करून प्रश्न विचारला आणि पुढचा अर्धा तास सरांना आवरता आला नाही.

बोरू
म्हणूनच मी सांगत असतो, 'सम' हा शब्द नात्याचा आहे. समवयस्क म्हटलं की कुणाच्या, असा प्रश्न येतो. समकालीन, कुणाचा? तसंच समलिंगी, कुणाशी? 'समलिंगी संबंध' ठीक, त्यात दोघं आहेत. 'समलिंगी माणूस' या शब्दाला अर्थच उरत नाही. 'समलैंगिक' वापरा, तो प्रवृत्तीचा शब्द आहे.

चिंचपोकळी
अर्थ उरत नाही कसा? ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतो. व्युत्पत्तीने अर्थ ठरत असता तर 'वडील' म्हणजे आजही थोरला भाऊ असता.

अबोली
वर्तमानपत्रं आता सरळ 'गे' लिहितात. मला त्याची एक गंमत वाटते. आमच्याकडे सावंतवाडीत आजी हाक मारताना 'गे' म्हणायची, 'काय गे चेडवा'. आणि 'पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे' तर सगळ्यांनाच पाठ. त्यामुळे 'गे बाबा' वाचलं की माझ्या कानाला आधी कुणीतरी बाईला हाक मारल्यासारखं होतं. नवा अर्थ त्यामागून येतो.

वकिलीण
मला 'पालक' या शब्दाबद्दल बोलायचं आहे. इंग्रजीत एकेकट्या आईला किंवा बापाला लागू पडणारा, लिंग न सांगणारा एक साधा शब्द आहे. मराठीत तो नाही. आपल्याकडे जोडी आहे, आई-वडील, आईबाप. 'पालक' म्हणजे पालन करणारा, खरं तर सांभाळणारा. मामाकडे शिकलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' मामाची असते. जिल्ह्याला पालकमंत्री असतो, तो काही जिल्ह्याचा बाप नव्हे. शाळेच्या पालकसभेतून तो शब्द आईबापांवर येऊन बसला. दस्तऐवज मराठीत करताना आम्हाला हे रोज छळतं.

आणि लेखात एक टीप द्या, वाचकांना माहीत असायला हवं. आपल्या कायद्यात लिली मिचेल-कॅमला मिळालीच नसती. जोडपं म्हणून दत्तक घ्यायचं तर दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती अट कायम ठेवली. एकट्याने अर्ज करावा म्हटलं, तर एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देता येत नाही. दोन्ही दारं बंद.

गोदाकाठ
वकिलीणबाई, हे नक्की घालते. प्रेक्षकांच्या बाबतीत मला एका गोष्टीचं फार नवल वाटलं. २०१२ च्या निवडणुकीत ओबामांच्या घरी ही मालिका आवडीची होती, आणि विरोधी उमेदवाराच्या पत्नी ॲन रॉम्नी यांनीही हीच आपली आवडती म्हणून सांगितली. समलिंगी विवाहावर एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली घरं संध्याकाळी एकाच जोडप्यावर हसत होती. दुसरीकडे २०१० मध्ये प्रेक्षकांनी फेसबुकवर मोहीम चालवली, की बाकीची जोडपी मुके घेतात, हे दोघं का नाही? त्या वर्षी सप्टेंबरअखेरच्या भागात तो आला. पुढे घरच्यांचं बोलणं चाललेलं आणि मागे हे दोघं, पटकन, ओझरतं.

मुक्काम टोरांटो
बरेच दिवस नुसता वाचतो आहे, आज लिहितो. मी मिरजेचा. माझा नवरा गुजराती. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. कॅनडात २००५ पासून आमच्यासारख्यांना लग्न करता येतं, त्यामुळे कागदपत्रांत 'दोन बाबा' कसं लिहायचं हा प्रश्न आम्हाला पडला नाही. घरात काय म्हणायचं, हा पडला होता.

तो मराठीने आधीच सोडवून ठेवलेला निघाला. आपल्याकडे बापाला एकच नाव कधी होतं? मी माझ्या वडिलांना 'भाऊ' म्हणायचो, कारण त्यांची धाकटी भावंडं तसं म्हणत आणि आम्ही ते उचललं. शेजारच्या घरात 'अण्णा', समोर 'तात्या', मावशीकडे 'दादा', आजोळी 'नाना'. शाळेत 'बाबा' असा धडा आला तेव्हा मला ते परक्याचं नाव वाटलं होतं. मुलगी मला 'बाबा' म्हणते आणि त्याला 'पप्पा'. दोघांत एकदाही गोंधळ झालेला नाही. गोदाताई, 'दोन बाबा' बालिश वाटत नाही हो. एका मुलीच्या तोंडून मी ते रोज ऐकतो.

मालिकेबद्दलही सांगतो. ती लागायची तेव्हा मी इथे नवा होतो, एकटा होतो. कॅम मला आवडायचा नाही. ते मोठमोठ्याने रडणं, कपड्यांचा तो सोस, मला वाटायचं सगळं जग आता आम्हाला असंच समजणार. मग एका सुट्टीत आई इथे आली. मी हिंमत करून तिच्यासोबत बसून चार भाग पाहिले. ती कॅमकडे बघून म्हणाली, "हा अगदी आपल्या सदामामासारखा." सदामामा म्हणजे तिचा चुलतभाऊ, लग्नघरात आचाऱ्याला हटवून स्वतः जिलब्या तळणारा, आणि पाठवणीला नवरीच्या आईपेक्षा जास्त रडणारा. तिला तो परका वाटलाच नाही. नंतर तिने विचारलं, "पण यांच्यात आई कोण?"

अबोली
टोरांटो, वाचून डोळे भरले. आणि 'आई कोण' या प्रश्नाचं उत्तर मराठीतच आहे की. आपण विठ्ठलाला 'माउली' म्हणतो, ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हणतो, वारीत दाढीवाला वारकरी दुसऱ्या दाढीवाल्याला 'माउली, जरा सरका' म्हणतो. पुरुषाने आई होण्यात मराठीला कधी अडचण वाटली नाही. गोदाताई, लेखाचं नावच 'दोन माउल्या' ठेवा.

तिसरी घंटा
व्वा! 'मायबाप' पण आहे. एकाच माणसाला दोन्ही म्हणता येतं. आम्ही नाटकवाले प्रेक्षकांना मायबापच म्हणतो.

मुक्काम टोरांटो
अबोलीताई, तुमचा हेतू कळतो, म्हणून रागवत नाही. पण मला माउली नको. दुसऱ्या पर्वात मदर्स डेचा एक भाग आहे. मिचेल कॅमसाठी न्याहारी घेऊन येतो आणि कॅम दुखावतो. घरी राहून मुलीचं करतो म्हणून सगळे त्याला आई धरतात, म्हणून. त्या भागावर काही लोक म्हणाले, एवढं काय लावून घ्यायचं? मला मात्र त्या दिवशी कॅम पहिल्यांदा कळला. मी मुलीची वेणी घालतो, ताप आला की रात्र जागतो, डबा भरतो. हे सगळं मी तिचा बाप म्हणून करतो. ते करणाऱ्याला 'आई' म्हटलं की मराठी मोठी होत नाही, बाप लहान होतो.

अबोली
हे मला सुचलं नव्हतं. माफ करा.

तिसरी घंटा
मग जनाबाईंचा शब्द घ्या. 'विठू माझा लेकुरवाळा, संगे गोपाळांचा मेळा.' निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, पुढे ज्ञानेश्वर, मागे मुक्ताई. इथे विठोबा आई होत नाही. मुलं अंगाखांद्यावर घेतलेला पुरुषच राहतो. लेकुरवाळा, पुल्लिंगी!

बोरू
सुंदर आठवण. पण बोलण्यात फक्त 'लेकुरवाळी' राहिली. फणसाच्या झाडालाही म्हणतात, घराला म्हणतात, बाईला तर म्हणतातच. 'लेकुरवाळा' तुम्ही देवाखेरीज कुणाला लावलेला ऐकला आहे का? अभंगातला शब्द दिवाळी अंकात आणला म्हणून तो चलनात येत नाही.

चिंचपोकळी
सर, दुपारी तुम्ही 'पितृद्वय' आणत होता.

बोरू
'पितृद्वय' नियमाने सिद्ध होतो. 'लेकुरवाळा'ही होतो, ते मी नाकारत नाही. माझा आक्षेप वापराबद्दल आहे.

चिंचपोकळी
म्हणजे दुपारी व्याकरण आणि संध्याकाळी वापर. मला काहीच हरकत नाही, फक्त दोन्ही वेळा नियम तोच ठेवा.

वकिलीण
दोघांनी दमानं घ्या. 'लेकुरवाळा' एखाद्या बापाला लावल्याचं मी ऐकलं आहे. आमच्या गावी एक शिपाई बायको गेल्यावर तीन मुलांना घेऊन कचेरीत यायचे. त्यांना सगळे 'लेकुरवाळे' म्हणत. काही जण चेष्टेने, आणि माझी आजी आदराने.

मुक्काम टोरांटो
'लेकुरवाळा' मला चालेल. आवडेलच.

गोदाकाठ
सोमवारी लेख द्यायचा आहे. 'दोन बाबा' ठेवते आहे, टोरांटोंच्या भरवशावर. बाईंनी काढलं तर भांडेन. क्रीम पफचं मात्र कुणीच बोलत नाहीये!

तिसरी घंटा
बोलतो. मी नाटकं भाषांतरित केली आहेत. अट कडक आहे. तो शब्द खाण्याचा हवा, बाळाच्या हातात मावणारा हवा, आणि त्याच वेळी नाजूक पुरुषावरचा टोमणा हवा. पहिल्यांदा मला 'मावशी' सुचली, तमाशातली, कारण ती पुरुषच असते. 'बघ ते बाळ, त्या मावश्यांबरोबर.' पण पडद्यावर बाळाच्या हातात क्रीम पफ दिसतात, मावश्या कुठून आणणार? सहा धावांचा तो शब्द तर मुळीच नको. ती जखम करणारी शिवी आहे, आणि क्रीम पफ जुनाट, किंचित भोळा टोमणा. त्यावर मिचेल चिडलेला बघून हसू येतं. त्या शिवीवर चिडला तर प्रेक्षक त्याच्याबरोबर चिडेल, हसणार नाही.

अबोली
'मिळमिळीत'? भाजीलाही म्हणतात, माणसालाही.

तिसरी घंटा
विशेषण हातात धरता येत नाही.

गोदाकाठ
आत्ताच आई मागून वाचत होती. म्हणाली, 'लोण्याचे गोळे' लिही. बाळाच्या हातात लोण्याचा गोळा म्हणजे घरोघरचा रांगता बाळकृष्ण. क्रीम पफही गोल, आत पांढरी मलई. आणि मऊ पुरुषाला लोण्याचा गोळा...

बोरू
तुमच्या मातोश्रींना नमस्कार, पण 'लोण्याचा गोळा' हे लाडाचं आहे. गुटगुटीत बाळाला म्हणतात. टोमणा म्हणून मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

चिंचपोकळी
तालमीत ऐकलं आहे. ज्याच्या अंगाला माती लागत नाही, त्याला वस्ताद म्हणायचे.

बोरू
तो वस्तादांचा लाड असेल. पुरुषाला बायकी म्हणून हिणवायला वापरल्याचा एक तरी दाखला द्या, मग मान्य करतो.

मुक्काम टोरांटो
सातवी ते दहावी. मला वर्गात 'लोणी' म्हणायचे. बाकावर खडूने लिहून ठेवायचे.

बोरू
मिरजेत?

मुक्काम टोरांटो
मिरजेत.