मदत हवी आहे: तपकिरी चरबीच्या अभ्यासात आहार कसा मोजावा?

नमस्कार मंडळी. १८ ते २५ वयोगटात रोजचा आहार आणि तपकिरी चरबीची (ऊर्जा जाळून शरीरात उष्णता निर्माण करणाऱ्या चरबीची) सक्रियता यांचा संबंध तपासायचा आहे. पेट-सीटी स्कॅनचं (पेशी किती ग्लुकोज घेतात ते दाखवणाऱ्या स्कॅनचं) ठरलंय: गार पाणी फिरणारं जाकीट, हुडहुडी भरेल त्याच्या जरासं वरचं तापमान, मग एफडीजी (ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ) टोचायचा. सीटीवर चरबी ओळखायला हाउन्सफील्ड (ऊतीच्या घनतेचं माप) मर्यादा −१९० ते −१०. कॉफी आणि तिखट आदल्या दिवसापासून बंद, कारण कॅफिन व कॅप्सेसिन (मिरचीतला तिखट घटक) दोन्ही तपकिरी चरबीला चेतवतात. स्कॅनआधीचा उपवास मोडला की इन्सुलिनमुळे ग्लुकोज स्नायूंत शिरतं आणि चित्र बिघडतं.

घोडं अडलंय आहारनोंदीपाशी. 'एक वाटी आमटी' म्हणजे कुणाची १०० मिली, कुणाची २००. फोडणीचं तेल तर कुणी सांगतच नाही, आणि चरबीचा आकडा नेमका तिथेच फसतो. २४ तासांची आठवण (आदल्या २४ तासांत काय खाल्लं ते विचारणं) तीन दिवस (दोन कामाचे, एक रविवार) घेतली तर पुरेल का? घरचा महिन्याचा तेलाचा खप माणशी वाटून कुणी वापरलाय?

दुसरं, तपकिरी चरबी मुख्यतः मेदाम्लं जाळते, एफडीजी मात्र ग्लुकोजच दाखवतो. मग भरपूर तूप-तेल खाणाऱ्याच्या चरबीत एफडीजीचं कमी शोषण म्हणजे कमी सक्रियता, असं कसं म्हणायचं?