बारीक झुरळं आणि चौकटीची वाळवी: स्प्रे मारून थकलो

पागोळी
घर चिपळूणजवळ. जांभ्याच्या भिंती, आतून सिमेंटचा गिलावा. जूनपासून दोन गोष्टींनी जीव नकोसा केलाय. एक, ओट्याखालच्या ट्रॉल्यांमध्ये बारीक तपकिरी झुरळं. दर पंधरा दिवसांनी स्प्रे मारतो, आठवडाभर बरं असतं, मग पुन्हा तेच. आता तर देव्हाऱ्यापर्यंत पोचलीत. दोन, माजघराच्या दाराच्या चौकटीवर मातीची रेघ चढलीये. वाळवीच असावी. विहीर त्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर. तांदळात टोके झालेत ते वेगळंच. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे औषध कुठलं आणि कसं वापरायचं ते नीट सांगा.

खलबत्ता
आधी झुरळांचं. डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असतील आणि लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर ती जर्मन झुरळं. गटारातून येणारी मोठी लालसर झुरळं वेगळी, त्यांचा इलाजही वेगळा.

स्प्रे हाच तुमचा प्रॉब्लेम आहे. घरगुती स्प्रेतल्या औषधाने समोरची मरतात, बाकीची त्या वासापासून लांब पळतात. देव्हाऱ्यापर्यंत पोचली ती अशीच. शिवाय मादी अंड्यांची डबी शेपटाशी धरून हिंडते, जिऱ्यापेक्षा जरा मोठी, तपकिरी. एका डबीत तीस-चाळीस अंडी. पिल्लं निघायची वेळ झाली की मगच ती डबी टाकते, तोवर आडोशाला बसून राहते. स्प्रे तिथवर जातच नाही. पिल्लू मोठं व्हायला साधारण दोन महिने, उकाड्यात त्याहून कमी.

झुरळांनी खायचं विषारी आमिष असलेलं जेल आणा. ट्यूबवर फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के लिहिलेलं असेल. मसुरीच्या डाळीएवढे ठिपके द्या, त्याहून मोठे नकोत, ओळीने लांबवर फासायचं तर अजिबात नाही. सुरुवातीला पंचवीस-तीस ठिपके: ट्रॉलीच्या चॅनलमागे, बिजागरीच्या खाचेत, सिंकच्या खालच्या कडेला, पाइप भिंतीत शिरतो तिथे. फ्रिज पुढे ओढा. मागे कॉम्प्रेसरवर पाणी साठणारा ट्रे असतो. ऊब आणि पाणी दोन्ही एकाच जागी, म्हणजे झुरळांचं माहेरच. ट्रे धुवा आणि शेजारच्या पत्र्यावर चार ठिपके द्या. मुलाचा हात पोचेल अशा जागी एकही नको. स्विचबोर्डाच्या आत काही घालू नका, बाहेरच्या कडेला चालेल.

जेल खाल्लेलं झुरळ आडोशाला जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं पिल्लं खातात, त्यांनाही विष पोचतं. म्हणून चार-पाच दिवसांत मेलेली दिसू लागतील, पण पुरता निकाल आठ-दहा आठवड्यांनी. तोवर स्प्रे बंद.

तुळशीकट्टा
कापूर आणि तमालपत्र ठेवून बघा, आमच्याकडे सगळे तेच करतात.

खलबत्ता
वास छान येईल. झुरळं तमालपत्राच्या डब्यातच बसलेली सापडतात.
जेल नकोच असेल तर बोरिक पावडर, कणिक आणि पिठीसाखर सारख्या वजनाने घेऊन थोड्या दुधात गोळ्या वळा. पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरते, मग कोणी तोंड लावत नाही, तेव्हा थोड्याच करा आणि दर चार दिवसांनी बदला. बोरिकही पोटात गेलं तर विषच, मुलापासून लांबच ठेवा.

चिरेबंदी
वाळवीचं सांगतो. मातीच्या नळीचा बोटभर तुकडा मधूनच मोडा, बाकी तशीच ठेवा. आत मुंगीसारखे पांढुरके किडे दिसले किंवा दुसऱ्या दिवशी मोडलेल्या जागी ओली माती भरलेली दिसली, तर वाट चालू आहे. चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पोकळ आवाज येईल तिथवर लाकूड गेलंय. फणसाच्या किंवा सागाच्या नाराच्या (खोडाच्या आतल्या, पक्क्या) लाकडाला वाळवी सहसा लवकर लागत नाही, आंब्याचं मात्र भराभर संपतं. माती नसून नुसती पिठी पडत असेल तर ती वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारे भुंगे. त्यांना खाली सांगितलेलं काही लागू नाही.

रेघ खरवडून त्यावर रॉकेल किंवा डांबर फासतात, तो वेळेचा अपव्यय. वारूळ जमिनीत आहे, वाळवी वीतभर बाजूने दुसरी वाट काढते.

फरशी आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात १२ मिलिमीटरची भोकं, दर ३० सेंटिमीटरला एक. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट द्रव औषध), लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर. हे वाळवीला कळत नाही, ती त्यातून जाते आणि बाकीच्यांना लावते. भोकाला जास्तीत जास्त एक लिटर, मग सिमेंटने बुजवा. चौकट भिंतीला टेकते तिथे ६ मिलिमीटरची तिरकी भोकं, दर १५ सेंटिमीटरला, उतार खाली, सिरिंजने भरा. हातमोजे, मास्क, आणि मुलाला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

आता तुमच्या घराचं. जांभ्याला पोकळ्या असतात. लिटरभर ओतूनही भोक भरत नसेल तर तिथेच थांबा, औषध कुठेतरी वाहून जातंय. आणि विहिरीकडच्या भिंतीला, बाहेरून किंवा आतून, द्रव औषध द्यायचंच नाही. हे औषध पाण्यात सहज मिसळतं. त्या बाजूसाठी आमिषाच्या पेट्या (वाळवीने खायचं विष असलेल्या) जमिनीत पुरणारा माणूस बोलवा, महिने लागतील पण पाणी शाबूत राहील. माजघराचं दार त्याच भिंतीत असेल तर वर दिलेली भोकंसुद्धा विसरा. घराबाहेरून जमिनीत औषध आत्ता नकोच, भर पावसात धुऊन जाईल, दसरा उलटू द्या. भिंतीला टेकून रचलेलं सरपण आणि झावळ्या मात्र आजच हलवा.

कणगी
टोक्यांचं थोडक्यात. मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, म्हणून चाळून आणि निवडून काढलेल्या तांदळात महिन्याभराने पुन्हा टोके. पाच-पाच किलोच्या पिशव्या करून डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, अंड्यांसकट संपतात. बाहेर काढल्यावर पिशवी उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यावर पाणी सुटतं. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर किलोला चमचाभर एरंडेल चोळा, शिजवताना दोन पाण्यांनी धुवा. कडक उन्हात तांदूळ घालू नका, दाणा तडकतो आणि भात पिचतो.
पाऱ्याच्या गोळ्या धान्यात घालू नका. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी आणून दिल्या तर घरातच घेऊ नका. दमट हवेत त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात.

पागोळी
सगळ्यांचे आभार. दार विहिरीकडच्याच भिंतीत आहे, त्यामुळे तिथे पेट्याच लावतो. जेल लावून सहा दिवस झाले. फ्रिजमागचे ठिपके संपलेत, मेलेली झुरळंही सापडली. ओट्याखालचे मात्र जसेच्या तसे. आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये दोन मोठी लाल झुरळं निघाली, ती यातलीच का?

खलबत्ता
ओट्याखाली तुमच्या जुन्या स्प्रेचा थर आहे, त्यावर बसलेला ठिपका ती टाळतात. ठिपके खरवडा, ट्रॉल्या काढून आतला भाग साबणाच्या पाण्याने पुसा, दिवसभर वाळू द्या आणि नव्या जागी ठिपके द्या. तिथे रात्री भांडी खरकटी राहत असतील तर जेल कोण खाणार? रात्री सिंक कोरडं आणि ओला कचरा बाहेर. चिकट पुठ्ठ्याचे ट्रॅप तीन ठिकाणी एका रात्रीसाठी ठेवा. ज्यात जास्त पिल्लं अडकतील, त्याच्या हातभर परिसरात बिऱ्हाड आहे. फ्रिजमागचे संपलेले ठिपके आजच पुन्हा द्या, तिथे खाणारी अजून आहेत.

मोठी लाल झुरळं नहाणीतून आली. ते बाथरूम वापरात नसेल तर जाळीखालच्या ट्रॅपमधलं (गटाराची वाट पाण्याने बंद ठेवणाऱ्या वाकड्या पाइपातलं) पाणी आटलंय आणि गटाराची वाट उघडी पडलीये. तांब्याभर पाणी ओता, वर दोन चमचे खायचं तेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. दर महिन्याला पुन्हा.