मदत हवी आहे: आयसीयूतल्या सिस्टर नव्या सिरिंज पंपाची ड्रग लायब्ररी का टाळतात?

वाशीतल्या एका आयसीयूत नवे सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरावीक वेगाने देणारी यंत्रं) आलेत. त्यांत ड्रग लायब्ररी (औषधांची यादी आणि त्यांच्या डोसच्या मर्यादा) भरलेली आहे, तरी बहुतेक सिस्टर थेट 'मिली प्रति तास' टाकून पंप सुरू करतात, म्हणजे डोसची कमाल मर्यादा लागूच होत नाही. त्याहून धोक्याचं म्हणजे स्टोअरमधून सिरिंजचा ब्रँड बदलून येतो आणि पंपाच्या सेटिंगमध्ये जुनाच ब्रँड राहतो. दट्ट्या किती सरकवायचा हे पंप सिरिंजच्या नळीच्या आतल्या व्यासावरून ठरवतो. व्यास वेगळा निघाला तर औषध कमी-जास्त जातं, स्क्रीनवर आकडा मात्र बरोबरच दिसतो.

'पुन्हा ट्रेनिंग घ्या' एवढ्याने हे सुटेल असं मला वाटत नाही. आधी तिन्ही पाळ्यांत बेडशेजारी निरीक्षण करायचं आहे, खासकरून नॉरअॅड्रिनॅलिनची (बीपी टिकवून ठेवणारं औषध) सिरिंज बदलताना. तिथे खंड पडला की बीपी घसरतं, म्हणून घाई होते. मग पाच-सहा सिस्टरकडून रिकाम्या पंपावर तेच काम करून घेऊन, बोट कुठे अडतं ते टिपायचं.

निरीक्षक दिसला की सगळे नियमाने वागतात, त्यावर काय करता? पंपाचा इव्हेंट लॉग (पंपात आपोआप होणारी प्रत्येक कृतीची नोंद) निरीक्षणाशी कुणी ताडून पाहिलाय का? आणि रुग्णाची माहिती नोंदवायची नसेल, तर एथिक्स कमिटीच्या अर्जात हे कसं मांडता? ठाणे-नवी मुंबईतल्या कुणाकडे नमुना अर्ज असेल तर कृपया पाठवा.