गुप्तचर यंत्रणांना जाब विचारायचा कुणी? (चर्चा)

रानवारा

पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा महाराष्ट्रातली, तीन तर एकट्या डोंबिवलीची. जुलैअखेरीस संसदेत ऑपरेशन सिंदूरवर तासन्‌तास भाषणं झाली. नेहरूंपासून सगळे निघाले. पण बैसरनच्या कुरणात बंदोबस्त का नव्हता, आधी काही सूचना आली होती का, आली असेल तर ती कुणाच्या टेबलावर पडून राहिली, हे कळलं का? भाषणांतून ते कळणारही नाही. त्यासाठी बंद दाराआड कागद मागवून, अधिकाऱ्याला समोर बसवून विचारावं लागतं, आणि आपल्या संसदेकडे तशी जागाच नाही.

देशातली गुप्तचर यंत्रणा आयबी १८८७ पासून आहे, परदेशातली माहिती काढणारी रॉ १९६८ पासून. दोन्ही सरकारी आदेशावर उभ्या आहेत. त्यांना अधिकार देणारा आणि मर्यादा घालणारा संसदेचा कायदा नाही. कायद्याच्या पुस्तकात त्यांचं नाव येतं ते बंदी किंवा सूट सांगताना: १९८५च्या कायद्याने तिथल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधनं आणली, आणि माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने त्यांना (भ्रष्टाचार आणि मानवाधिकाराच्या तक्रारी सोडून) वगळलं.

ही मागणी काही झोळीवाल्यांची नाही. २०१० मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारींनी रॉच्याच कार्यक्रमात, रॉचे पहिले प्रमुख काव यांच्या नावाच्या व्याख्यानात, संसदीय देखरेख हवी असं सांगितलं. २०११ मध्ये मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं, ते बारगळलं. सुप्रीम कोर्टात याचिका झाली, ती २०१६ मध्ये फेटाळली गेली. म्हणजे चेंडू पुन्हा संसदेकडेच.

माझं मत सरळ आहे. दोन्ही सभागृहांची छोटी कायम समिती असावी, गुप्ततेच्या शपथेखाली, आणि अध्यक्ष विरोधी पक्षाचा.

---

माजी_फौजदार

सपशेल असहमत. आयुष्य खात्यात गेलं, म्हणून थोडं तिखट लिहितो.

माहिती देतो तो माणूस असतो. कधी ढाबेवाला, कधी मौलवीचा मेहुणा, कधी टोळीतलाच नाराज पोरगा. आपलं नाव कुठल्याही कागदावर नाही या एका भरवशावर तो बोलतो. तुमची समिती स्थापन झाल्याची बातमी त्याच्या कानावर गेली तरी पुरे. दुसऱ्या दिवसापासून तो फोन उचलणार नाही.

दुसरं, तुम्हाला वाटतं जाब विचारला की काम सुधारतं. या धंद्यात उलटं होतं. उद्या समितीपुढे उभं राहायचंय म्हटलं की अधिकारी आधी स्वतःची कातडी वाचवतो. प्रत्येक फुसक्या खबरीवर ‘सतर्क राहावे’ असं लिहून खाली ढकलतो. आत्ताच १५ ऑगस्टच्या आधी ठाण्यात अशा इशाऱ्यांची एवढी रद्दी येते की खरा कागद त्यात गाडला जातो.

आणि संसद काहीच करत नाही हेही खरं नाही. पठाणकोटचा हल्ला जानेवारी २०१६चा. गृह खात्याच्या स्थायी समितीने मे महिन्यात अहवाल देऊन सरकारला चांगलं झोडपलं होतं. अजून काय हवं?

---

रानवारा

@माजी_फौजदार साहेब, खबऱ्याचं नाव कुणी मागितलंय? सूचना कधी आली, किती जणांना गेली, त्यांनी पुढे काय केलं, एवढंच विचारायचंय. रद्दीचा मुद्दा मात्र तुम्ही माझ्याच बाजूने मांडलात. इशाऱ्यांची रद्दी होते हे तुम्हाला माहीत, मला आज कळलं, पण ती कमी करा असं वरच्यांना सांगणारं बाहेरचं कुणी आहे का?

पठाणकोटचंच घ्या. हवाई तळाची सुरक्षा ढिली होती, भिंतीवर पुरेशी नजर नव्हती, आधी सूचना मिळूनही अतिरेकी आत शिरले, हे सगळं त्या समितीने छापून सांगितलं. त्यामुळे कुठला खबरी मेला? कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला, गुप्त भाग वगळून, तिथे कोरी जागा सोडून. तेव्हाही देश बुडाला नाही.

पण स्थायी समितीचे हात बांधलेले असतात. लोकसभेच्या नियम २७० प्रमाणे एखादा कागद देणं राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक आहे असं सरकारने म्हटलं की विषय संपला. त्यात ३१ सदस्य, आणि वर्षावर्षाने फेरनेमणूक.

२६/११चंही तेच. राज्याने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली, पण ती राज्याच्या यंत्रणेपुरती. दिल्लीच्या यंत्रणांना समोर बसवायची मुभा तिला नव्हती.

---

मधली_सुट्टी

दोघांचं छान चाललंय, पण २८ जुलै २०२१ आठवते का कुणाला?

पेगॅससचं, म्हणजे फोनवर पाळत ठेवणाऱ्या हेर-सॉफ्टवेअरचं, प्रकरण तापलेलं. शशी थरूर यांच्या माहिती-तंत्रज्ञान समितीने अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. सत्ताधारी पक्षाचे खासदार खोलीत आले आणि त्यांनी हजेरीपटावर सही करायला नकार दिला. सही नाही म्हणजे गणसंख्या नाही, गणसंख्या नाही म्हणजे बैठक नाही. बोलावलेले सरकारी अधिकारी आलेच नाहीत. पुढे सुप्रीम कोर्टाने न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं कोर्टातच सांगितलं गेलं.

तेव्हा रानवारा, समिती काढाल हो. सही कोण करणार? जिथे पक्षादेश मोडला की खासदारकी जाते, तिथे आपल्याच गृहमंत्र्याला अडचणीत आणणारा प्रश्न कोण विचारेल? तुमची समिती म्हणजे सरकारला मिळालेलं प्रशस्तिपत्रक ठरेल. “संसदेने तपासलंय” म्हणायला मोकळे. आजच्यापेक्षा वाईट.

---

माजी_फौजदार

+१. वेगळ्या कारणाने का होईना.

---

थेम्सकाठी

इथे बरीच वर्षं आहे म्हणून ब्रिटनचं सांगतो. तिकडे सगळं आलबेल आहे असा गैरसमज नको.

यांची गुप्तचर आणि सुरक्षा समिती १९९४च्या कायद्याने आली, २०१३ मध्ये तिला संसदेच्या समितीचा दर्जा मिळाला. नऊ सदस्य. नावं पंतप्रधान सुचवतात, नेमणूक संसद करते. कैद्यांच्या छळात ब्रिटिश यंत्रणांचा हात होता का, याची चौकशी तिने हाती घेतली होती. हवे ते अधिकारी सरकारने समोर येऊ दिले नाहीत, तेव्हा २०१८ मध्ये समितीने जेवढं हाती होतं तेवढं छापून काम थांबवलं.

पण मधली_सुट्टी, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे २०२० मध्ये मिळालं. रशियाच्या हस्तक्षेपावरचा अहवाल तयार होऊन कित्येक महिने पडून होता. बोरिस जॉन्सनना अध्यक्षपदी ख्रिस ग्रेलिंग हवे होते. समितीत बहुमत त्यांच्याच पक्षाचं, म्हणजे काम सोपं. त्याच पक्षाचे ज्युलियन लुईस ऐन वेळी विरोधकांच्या मतांवर स्वतः अध्यक्ष झाले! त्याच दिवशी पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढलं. आठवड्याच्या आत, २१ जुलैला, अहवाल बाहेर आला. लुईसना डिसेंबरमध्ये परत घेतलं, खासदारकीला धक्का लागला नाही.

---

मधली_सुट्टी

म्हणजे एक माणूस वाकला नाही म्हणून जमलं. आपल्याकडे त्या माणसाला पुढच्या वेळी तिकीट मिळणार नाही, आणि त्याच्या कारखान्यावर कुणाची तरी धाड पडेल, एवढाच काय तो फरक.

---

दिंडीदरवाजा

तुम्ही सगळे दिल्लीत अडकलात. इकडे बघा. ११ जुलै २००६चे मुंबईच्या लोकलमधले बॉम्बस्फोट. १८०च्या वर माणसं गेली. २०१५ मध्ये १२ जणांना शिक्षा, त्यात पाच फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. (सुप्रीम कोर्टाने तो निकाल दाखला म्हणून वापरू नका असं म्हटलंय, पण सुटलेल्यांना परत आत घातलेलं नाही.) दहा दिवसांनी मालेगावच्या २००८च्या स्फोटाचे सातही आरोपी सुटले. मालेगावच्या २००६च्या स्फोटात राज्याच्या एटीएसने पकडलेले वेगळे, केंद्राच्या एनआयए या तपास यंत्रणेने आरोपी केलेले वेगळे.

आरोपी कुठल्या धर्माचे यावरून आपण टाळ्या किंवा शिव्या देतो. पण मग बॉम्ब ठेवले कुणी? तपासात नेमकं काय चुकलं हे विचारायला एकही सभागृह दोन दिवस बसलं नाही.

---

माजी_फौजदार

हे कोर्टाचं काम आहे आणि ते कोर्टाने केलं. तपासात आमदार-खासदार घुसले की काय होतं ते मी पाहिलंय.

---

रानवारा

कोर्ट एकेका खटल्याचा निकाल देतं. धोरण चुकतंय का, हे बघणं त्याचं काम नाही. आणि सही कोण करणार, या प्रश्नावर मला एक गोष्ट सुचते, जी याच संसदेत, याच पक्षांकडून घडलेली आहे.

टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये आला तो दोन वर्षांच्या मुदतीवर. म्हणजे दर वेळी सरकारला सभागृहात येऊन मुदतवाढ मागावी लागायची. अनेकदा मिळाली, खळखळ न करता मिळाली. पण फेब्रुवारी १९९५ मध्ये मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्रा यांनी सगळ्या खासदारांना पत्र लिहिलं की आता वाढवू नका, आणि मे महिन्यात टाडाची मुदत संपू दिली गेली. कुणाला उठून बंड करावं लागलं नाही, नुसतं गप्प बसणं पुरलं. त्यानंतरच्या पोटा कायद्यालाही तीन वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये पोटा रद्द करताना त्यातली दहशतवादाची कलमं यूएपीए या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायम कायद्यात आली, मुदत मात्र आली नाही.

तेव्हापासून सरकारला परत येऊन विचारायची गरजच उरलेली नाही, येतात ते अधिकार वाढवून घ्यायला. २००८ मध्ये एनआयए आणि यूएपीएची विधेयकं १६ डिसेंबरला मांडली, १८ तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांतून मंजूर. २०१९ मध्ये व्यक्तीला दहशतवादी ठरवायचा अधिकार आला, तेव्हा ते विधेयक तपासणीसाठी खासदारांच्या प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव राज्यसभेत फेटाळला गेला.

समिती राहू द्या बाजूला. दर पाच वर्षांनी संपणारा कायदा करा आणि वाढवून हवा असेल तर मागच्या पाच वर्षांचा हिशेब सोबत ठेवा.

---

माजी_फौजदार

मुदतीच्या कलमाला माझी हरकत नाही. टाडाचा गैरवापर मी जवळून पाहिलाय. पण आयबी-रॉच्या फायली खासदाराला दाखवायला माझा विरोध होता आणि राहील.

---

मधली_सुट्टी

आणि हे कलम आणणार कोण? सरकार आणणार नाही. राहिलं खासगी विधेयक. ती शुक्रवारी दुपारनंतर चर्चेला येतात, तोवर निम्मे खासदार विमानतळाच्या वाटेवर असतात. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही.