नंबर बदलेल, त्याआधी विजेचं बघा

दादा, जुळे सोलापुरात आईबाबांच्या घरी दुसऱ्या कंपनीचं फायबर घेऊन लँडलाइनचा जुनाच नंबर ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही. कंपनी बदलून नंबर तोच ठेवायची सोय आपल्याकडे फक्त मोबाइलला आहे. कोड ०२१७ राहील, पुढचे आकडे बदलतील. म्हणून जुनं कनेक्शन लगेच तोडू नका. बँक, गॅस एजन्सी, डॉक्टर, पैपाहुणे, सगळ्यांना नवा नंबर कळवून झाला की मगच अर्ज द्या. डिपॉझिट परत मागा, मोडेम जमा केल्याची पावती जपा.

मला त्याहून काळजी विजेची वाटते. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्यामुळे लाइट गेली तरी साधा फोन चालायचा. फायबरचा फोन कंपनी भिंतीवर बसवते त्या डब्यातून (फायबरच्या मोडेममधून) चालतो. घरातली लाइट गेली की तोही बंद. वयस्कर माणसं एकटी असताना हे चालणारच नाही. डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचून त्याला चालेल असा छोटा डीसी यूपीएस (लाइट गेली की डब्याला वीज पुरवणारी बॅटरी) घ्याच.

आणि माणूस जोडणी करून निघायच्या आत डब्यामागच्या फोनच्या खाचेत (नेटच्या खाचांपेक्षा ती अरुंद असते) आईबाबांचा नेहमीचाच फोन लावून बघा, बहुतेक चालतो. त्यावरून तुमच्या मोबाइलवर फोन करून बघा. २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल नंबर फिरवताना आधी शून्य लागतो, तेही त्यांना सांगून ठेवा.