मदत हवी आहे: गावच्या ट्रस्टची शिष्यवृत्ती, डोमिसाईल नाकारलं (तातडीचं)

चाकरमानी_लांजा: नमस्कार मंडळी. वेळ नाही म्हणून थेट विचारतो. गावच्या ट्रस्टचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय, शुक्रवार शेवटचा. डोमिसाईल जोडलं होतं, तर "हे चालणार नाही, रहिवासी दाखला आणा" म्हणून फॉर्म परत. तहसील कार्यालयातून मिळालेला दाखला चालत नाही म्हणजे काय? धाकट्या भावंडाच्या फीचा प्रश्न आहे. कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

खडूस_काका: कोर्स कुठला, कॉलेज कुठे, उत्पन्न किती, फॉर्मवर अट नेमकी काय? की आम्ही पत्रिका मांडून सांगायचं?

सुपारीची_बाग: ट्रस्टच्या नादी लागू नका, महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्त्यांचं पोर्टल) अर्ज करा. माझ्या मुलाला एका ट्रस्टने पाच हजार दिले. त्यासाठी अडीच तास भाषणं ऐकली. स्टेजवर पुठ्ठ्याचा दाराएवढा चेक हातात दिला, फोटो काढला आणि चेक परत घेतला, पुढच्या मुलासाठी. खरे पैसे शिमग्याला आले.

चाकरमानी_लांजा: बी. फार्म., पुणे. महाडीबीटीचं नंतर बघू. आधी शुक्रवारचं सांगा.

सेतूवरचा: रोज दहा जणांना हेच समजावतो. डोमिसाईल म्हणजे वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला. माणूस महाराष्ट्राचा आहे एवढंच तो सांगतो, अमुक गावात राहतो हे नाही. गावच्या ट्रस्टला गावचाच पुरावा लागतो: ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीचा दाखला, घरपट्टीची पावती, मतदार यादीतलं पान. कुठे काय चालतं ते फोन करून विचारा.

मोगरा७८: असं काही नसतं हो. माझ्या भाच्याला डोमिसाईलवरच मिळाली.

सेतूवरचा: त्या ट्रस्टला अख्खा महाराष्ट्र चालत असेल. यांचा गावापुरता आहे.

मोगरा७८: नियम सगळ्यांना सारखेच असतात.

खडूस_काका: ट्रस्टला? कुठल्या जगात राहता?

चाकरमानी_लांजा: भांडू नका हो, वेळ जातोय. सेतूवरचा, धन्यवाद. पण अडचण अशी की आमची वाडी लांजा नगरपंचायतीत येत नाही, शेजारच्या ग्रामपंचायतीत येते. मधे एक पऱ्या आहे फक्त. पोस्ट लांजा, बाजार लांजा, बारावीही लांज्यातच. फॉर्मवर "लांजा रहिवासी" लिहिलंय.

खडूस_काका: हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

जुना_विश्वस्त: मी अशाच एका छोट्या ट्रस्टवर बारा वर्षं काढली, म्हणून दुसरी बाजू सांगतो. लाभ कुणाला द्यायचा हे ट्रस्टच्या घटनेत लिहिलेलं असतं आणि ती धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असते. विश्वस्तांच्या कितीही मनात असलं तरी घटनेबाहेर पैसा देता येत नाही, हिशेब तपासनीस तिथेच बोट ठेवतो. आमच्याकडे दोन हुशार पोरं हद्दीबाहेरची म्हणून परत पाठवावी लागली, अजून खटकतं. पण जुन्या घटनांमध्ये बहुतेकदा "गाव व पंचक्रोशी" असं असतं, छापील फॉर्मवर ते गाळतात. ऑफिसातल्या क्लार्कशी वाद घालू नका. सचिवांना गाठा आणि घटनेतला शब्द विचारा.

मुंबईकर_कोकणी: पंचक्रोशीचं राहू द्या. आपापल्या ग्रामस्थ मंडळांनी पूजेच्या बॅनरवरचा खर्च पोरांच्या फीला दिला असता तर हे धागे निघालेच नसते. गेल्या माघीला आमच्या मंडळाने...

सुपारीची_बाग: त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

परदेशस्थ: जे. एन. टाटा एंडोमेंट बघा. १८९२ पासून आहे. कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात, परदेशी उच्च शिक्षणासाठी उत्तम.

खडूस_काका: लांज्याहून स्वारगेटला पोचायची मारामार आणि तुम्ही विमानात बसवताय.

अनघा_कोथरूड: एक विचारू? भावंड म्हणजे भाऊ की बहीण? प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या) की मॅनेजमेंट कोट्यातून? प्रवर्ग?

चाकरमानी_लांजा: बहीण. कॅपचा दुसरा राउंड. कुणबी, ओबीसी. उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारांचा आहे. बहीण असल्याने काय फरक पडतो?

अनघा_कोथरूड: अहो, काय फरक पडतो काय! २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून आलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. आधी ५० टक्के होतं, आता १०० टक्के. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तेवढी वगळली आहेत. त्याचा अर्ज महाडीबीटीवरच असतो, जे तुम्ही "नंतर बघू" म्हणालात.

चाकरमानी_लांजा: पण कॉलेजने पूर्ण फी भरायला सांगितलीय! त्यासाठीच तर ही धावपळ.

अनघा_कोथरूड: ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय छापून न्या, टेबलावर ठेवा आणि "नाही" म्हणत असाल तर लेखी द्या म्हणावं. आमच्या शेजारच्या मुलीच्या वेळी त्या "लेखी" शब्दावरच काम झालं. राहायचा खर्च उरतोच, त्याला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघा. ओबीसी आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत, म्हणजे तुम्ही बसता. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, जागा मात्र मर्यादित.

सुपारीची_बाग: मी पहिल्या तासातच सांगितलं होतं. महाडीबीटी.

मोगरा७८: त्याला डोमिसाईल लागतंच. बघा, आलं ना कामाला?

चाकरमानी_लांजा: अनघाताई, खरंच आभार. उद्या सुट्टी टाकून कॉलेजात जातो. जुना विश्वस्त, सचिवांशी बोललो, घटनेत "लांजे व पंचक्रोशी" आहे. दाखला नसला तरी चालेल, चालू वर्षाची घरपट्टीची पावती द्या म्हणाले. आईला ट्रंकेतून काढायला सांगितली, तिने फोटो पाठवलाय. पावती अजून आजोबांच्या नावावर आहे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. चालेल का?

खडूस_काका: आता सांगताय!!

सेतूवरचा: वारस नोंद केलीच नाहीत का? सातबारावर तरी वडिलांचं नाव चढलंय?

सोनचाफा_वाडी: माझा मुलगा यंदा दहावीला आहे, ७८ टक्के पडतील. त्याला टाटाचं मिळेल का?